दारासमोरची कॉफी

रायमोंडाला लहानपणापासून एक खोड होती. झाकलेलं पातेलं दिसलं की झाकण उचलून बघायचंच. एक दिवस नाकाला चटका बसेल, असं आई म्हणायची. चटके चिक्कार बसले, खोड काही गेली नाही, आणि पुढे तिचं पोटही त्याच खोडीवर चालू लागलं. सरकारने पाच वर्षांपूर्वी मोठा गाजावाजा करून मुलांच्या न्यायाचं राष्ट्रीय धोरण आणलं होतं. कोर्टकचेरीत सापडलेल्या पोरांना दरडावू नये, वेगळ्या खोलीत बसवून त्यांचं निवांत ऐकून घ्यावं, असं त्यात होतं. ते खरोखर उतरलं की कागदावरच राहिलं, हे तपासायला तिला राजधानी तिरानाहून उत्तरेच्या डोंगरातल्या या गावात धाडलं होतं.

ठाणेदार गास्पेरने तिला पोलीस ठाण्यातली ती खोली दाखवली. नव्या सुनेचे दागिने दाखवावेत तशी दाखवली. भिंतीवर निळा हत्ती, बुटक्या खुर्च्या, छताच्या कोपऱ्यात कॅमेरा, फळीवर बाहुल्या.

"हात लावून बघा की," तो म्हणाला.

रायमोंडाने एक बाहुली उचलली. तिचे पाय कारखान्यातल्या प्लास्टिकच्या दोऱ्याने अजून बांधलेलेच होते.

"मुलं खेळत नाहीत वाटतं हिच्याशी?"

"येतात की मुलं. जबाब होतात. दर वर्षी आकडे पाठवतो आम्ही तिरानाला, चांगले भरघोस."

"मग ही अशी बांधलेली कशी?"

"आमची पोरं शिस्तीची आहेत, बाई," गास्पेर म्हणाला आणि दिवा मालवून मोकळा झाला.

आता एवढ्यावर गप्प बसेल ती रायमोंडा कसली. जबाब होतात म्हणतात, आणि खोलीत तर कुणी बूड टेकलेलं दिसत नाही. मग होतात कुठे? डोक्यात तोच किडा घेऊन ती बाहेर आली. अरुंद रस्त्यापलीकडे कॅफे होता. फुटपाथवरच्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं ठाण्याच्या दाराकडे, आणि प्रत्येक खुर्चीत एकेक बाप्या. ती एका रिकाम्या खुर्चीत बसली. कॉफी यायच्या आधीच शेजारचा म्हातारा बोलला.

"तिरानाच्या ना तुम्ही? पोरांच्या खोलीसाठी आलात. हत्ती दाखवला का गास्पेरने?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आम्हाला दुसरा उद्योग काय आहे?"

म्हाताऱ्याचं नाव प्रेक. क्रोमच्या खाणीतली नोकरी सुटल्यापासून तो या एकाच खुर्चीत बसत आला होता. रायमोंडाने त्याच्या नजरेच्या रेषेत बघितलं. दार बरोब्बर समोर. कुणाचं पोर आत गेलं तर ते बाहेर पडायच्या आत गावभर बोभाटा. ठाण्याला दुसरं दार नव्हतं, हे तिने आत असतानाच बघून ठेवलं होतं. ज्याने कुणी धोरण लिहिलं त्याने खुर्च्यांची उंची लिहिली, भिंतीचा रंग लिहिला, पण दारासमोर कोण बसतं हे त्याला सुचलंच नाही. मनातल्या मनात तिने त्याला दोन शिव्या हासडल्या.

संध्याकाळी गाव फेरीला निघालं. इस्त्रीचे कपडे घालून सगळे एकाच रस्त्यावर वर जातात, खाली येतात, पुन्हा वर जातात. गर्दीत रायमोंडाला वाल्देते दिसली. सरकारने पोरांशी बोलायला नेमलेली ही मानसतज्ज्ञ दुपारी दोन शब्द बोलून फुटली होती. आता तिच्या दंडात हात अडकवून चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी चालत होती. मुलगी मान खाली घालून सारखी बोलत होती, आणि वाल्देते ओळखीच्या प्रत्येकाला हसून मान डोलवत होती. रायमोंडा मागे लागली. खालच्या वळणावर वाल्देते थांबली.

"ताई, कानच लावायचा तर जवळ या. मागून मान आखडेल तुमची."

रायमोंडा चांगलीच ओशाळली, पण विचारायचं ते विचारलंच. "जबाब इथे घेता होय तुम्ही?"

"इथेच. फेरीत कोण कुणाशी बोलतंय याकडे कुणाचं लक्ष नसतं. आणि चालताना पोरी बोलतात हो, समोर बसवलं की दातखीळ बसते. घरी जाऊन लिहून काढते, वर लिहिते 'खोलीत घेतला'. लिहा तुमच्या अहवालात, मी नाही म्हणणार नाही. पण या शुक्रवारनंतर लिहा."

"शुक्रवारी काय आहे?"

उत्तर त्या मुलीने दिलं. तिचं नाव जोनिदा. बाप ग्रीसमध्ये कामाला, घरात चुलत्याचं राज्य. या फ्रानकाकाने तिची शाळा सोडवली होती आणि जर्मनीतल्या एका माणसाशी तिचं लग्न ठरवून टाकलं होतं. शनिवारच्या बसने तिला धाडायची होती. शुक्रवारी श्कोदर शहरातल्या कोर्टाने अडवलं तरच ती सुटणार होती.

"आणि काकाचा वकील म्हणतो, लिहिलेलं चालणार नाही," जोनिदा म्हणाली. "त्या खोलीतलं, कॅमेऱ्यातलंच पाहिजे. काका सकाळपासून कॅफेत असतो. मला दारात बघितलं की दंड धरून घरी नेईल. मधे कोण पडणार?"

"गास्पेर?"

"घरचा मामला म्हणेल आणि चहाला जाईल," वाल्देते म्हणाली.

रायमोंडाचं काम नुसतं बघायचं होतं, तसं तिच्या करारात लिहिलेलंही होतं. ती आपल्या मुक्कामावर परतली, पण झोप कसली येते? पोरीचा तो शांत आवाज कानातून जाईना, आणि तिला स्वतःच्याच कराराची चीड आली. पहाटे तिला एकदम हसू फुटलं. ही सगळी माणसं एकाच वेळी दाराकडे पाठ करतील असं काय आहे या मुलखात? आहे की. एकच गोष्ट आहे. उजाडताच तिने वाल्देतेला फोन करून दहाची वेळ सांगितली.

गुरुवारी दहाच्या सुमारास कॅफे भरला होता. फ्रान पुढच्याच टेबलाशी होता, जाड मानेचा, गळ्याशी बटण लावलेला. रायमोंडा आत काउंटरपाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वेटरला म्हणाली, "आज सगळ्यांची कॉफी माझ्याकडून."

एकदम खुर्च्या सरकल्या. पाहुणी, त्यातही बाईमाणूस, पैसे देणार, आणि गावातले बाप्ये ढेकर देत बसणार?

"बाई, लाज काढता का आमची?"

"वेटर, त्यांच्याकडून घेतलंस तर बघ, उद्यापासून इथे पाय ठेवणार नाही."

"बाजूला हो रे, माझा मान आहे."

सगळा फुटपाथ आत काउंटरवर येऊन आदळला. जो तो वेटरच्या खिशात नोटा कोंबत होता, दुसऱ्याच्या बाहेर काढत होता. फ्रान सगळ्यात पुढे, कारण त्याची इज्जत सगळ्यात मोठी. रायमोंडा नाही-हो करत त्यांना खेळवत राहिली. बाटल्यांमागच्या आरशात तिला रस्ता दिसला. वाल्देते आणि जोनिदा रस्ता ओलांडून ठाण्याच्या दारातून आत गेल्या.

शेवटी प्रेकची सरशी झाली. म्हातारा म्हणून त्याला मान मिळाला. सगळे घाम पुसत जागेवर येऊन बसले, आणि खुर्च्यांची तोंडं पुन्हा दाराकडे झाली.

तेव्हा कुठे रायमोंडाच्या ध्यानात आलं. पोरगी आत कशी जाईल एवढंच तिने बघितलं होतं. बाहेर कशी येईल, याचा तिने विचारच केला नव्हता. धोरण लिहिणाऱ्याला शिव्या घालणारी ती, तिने तरी दुसरं काय केलं होतं? वाल्देतेची गाडी कॅफेच्या पुढे, थेट चौकात उभी होती. तिथवर पोरीला या सगळ्या डोळ्यांसमोरून चालत जायचं होतं. रायमोंडाची कॉफी गार झाली.

तासाभराने दार उघडलं. जोनिदा बाहेर आली. मागे वाल्देते, जबाबाची चित्रफीत ठेवलेली पिशवी छातीशी धरून.

फ्रानने कप खाली ठेवला. त्याच्या मानेवरची शीर टरारली, आणि दोन्ही हात टेबलावर रोवून तो अर्धा उठला.

"फ्रान," प्रेक म्हणाला, आवाज न चढवता. "वेटर, आणखी एक फेरी. सगळ्यांना. माझ्याकडून."

"प्रेकबाबा, मला जायचंय."

"जा ना. माझी कॉफी टाकून जायचं असेल तर जा."

आता कुणी दाराकडे बघत नव्हतं. सगळे फ्रानकडे बघत होते. म्हाताऱ्याने मागवलेला कप न पिता उठणं म्हणजे त्याच्या घराशी संबंध तोडणं, आणि तेही अख्ख्या गावासमोर. फ्रान खाली बसला. कप आला, वाफाळता. त्याने एका दमात घशात ओतायला बघितला आणि जीभ भाजून घेतली.

"सावकाश," प्रेक म्हणाला. "घाई काय आहे?"

जोनिदा पळाली नाही. ती फेरीला निघाल्यासारखी चालत चौकात गेली, गाडीत बसली, आणि गाडी श्कोदरच्या वाटेला लागली. फ्रानचा कप तेव्हा अर्धाच झाला होता.

रायमोंडाचे डोळे भरून आले होते. ते तिने बिनदिक्कत पुसले. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पैसे द्यायला उठलो म्हणून डोळे काय खिशात घातले होते? आरसा मलाही दिसतो."

"मग इतकी वर्षं का नाही कुणाला सांगितलंत, की या दारामुळे पोरं येत नाहीत?"

"सांगायचं कुणाला? तुमची माणसं येतात, गास्पेरला विचारतात, जजला विचारतात आणि आमच्याकडे पाठ करून निघून जातात."

तिच्या प्रश्नावलीतही कॅफेसाठी एक प्रश्न नव्हता. तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "आता मी विचारते. दार हलवायला सरकारला वर्षं लागतील. तोवर काय करायचं?"

प्रेकने चमचा बशीत ठेवला. मग तो उठला, आपली खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि पुन्हा बसला. समोर कॅफेची भिंत होती, पोपडे निघालेली. बाकीचे अवघडून बघत राहिले. मग शेजारच्या टेबलावरचा एकजण उठला आणि त्यानेही खुर्ची फिरवली.

प्रेकने भिंतीकडे बघत एक घोट घेतला.

"चव तीच लागते," तो म्हणाला.