तिसगाव ते नगर, एका सुरात

भिमाजीच्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली होती. सूर धरणाऱ्याला भोकं कशाला? सूर म्हणजे एकच स्वर, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. त्यावर गाणं वाजवायचं ते म्होरक्यानं, म्हणजे चुलतभाऊ कानिफनाथानं. भिमाजीनं नुसता खालून टेकू द्यायचा. गालात वारा साठवायचा, नाकानं श्वास ओढायचा आणि स्वर अखंड ठेवायचा. बावीस वर्षं त्यानं हेच केलं. गाल इतके पसरले की दाढी करताना न्हावी अर्ध्यात विसावा घ्यायचा.

या धंद्यात एक नेम मात्र पक्का. म्होरक्यानं सनई ओठांवरून खाली घेतल्याशिवाय सूर तोडायचा नाही. लग्नात सूर तुटला तर जोडप्याला वाईट, आणि तोडणाऱ्याला पुन्हा कुणी सुपारी देत नाही. असली बातमी एसटीच्या आधी नगरला पोचते.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात भिमाजीला नगरच्या सहादेव मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. त्यांच्या सनई-चौघड्याच्या पार्टीत म्होरक्याची जागा रिकामी होती. ‘गुरुवारी चारच्या आत या. एक गाणं वाजवून दाखवा.’ दुष्काळानं विहिरी कोरड्या पडलेल्या. त्यातल्याच एका विहिरीत उतरून, बिनमेणाच्या जुन्या सनईवर, भिमाजी चोरून गाणं बसवत होता. बायको लंकाबाईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. पण पोस्टकार्ड ते पोस्टकार्ड. पोस्टमननं वाचलं, स्टँडवरच्या चहावाल्यानं वाचलं, कानिफनाथाला कळलं आणि मग भिमाजीच्या हाती पडलं.

गुरुवारी नेमकं तिसगावातच लग्न. मुहूर्त साडेबाराचा, गाडी दोनची.

“दादा, दीडला सोड मला.”

“सोडतो की,” कानिफनाथ म्हणाला. “माझी सनई खाली आली की तू मोकळा.”

अक्षता पडल्या. पंगती उठल्या. सनई काही खाली येईना. एक गाणं संपायच्या आत कानिफनाथ त्याच्या शेपटीला दुसरं बांधी. भिमाजी डोळ्यांनी विनवी, तर हा डोळे मिटून घेई. बुजवलेल्या भोकांवर भिमाजीची बोटं गाण्याबरोबर चालत होती, आवाज मात्र तोच एक.

लंकाबाई त्याच्या कानाशी आली. “अवो, पावणेदोन झालं. ह्यो तुमाला हितंच पुरतोय.”

तेव्हा भिमाजीला सुचलं. सूर तोडायचा नाही असा नेम होता. जागा सोडायची नाही असा कुठं होता? तो सूर धरूनच उठला आणि स्टँडकडं निघाला. कानिफनाथ वाजवत मागोमाग. आता आपण सनई खाली घेतली तर हा सुटला, हे त्यालाही कळत होतं.

“कुठं?” कंडक्टरनं विचारलं.

सूर.

“करंजी? नगर?”

‘नगर’ म्हणताच भिमाजीनं मान डोलावली.

“आन् ह्यांना?”

“त्यांना बी नगरच द्या,” लंकाबाई खिडकीखालून म्हणाली. “तोंड मोकळं न्हाई त्यांचं.”

करंजीच्या घाटात गाडीचा भोंगा बंद पडला. ड्रायव्हरनं उरलेला रस्ता या दोघांच्या आवाजावर काढला, आणि वाटेतली गुरं भोंग्याला झाली नसती इतक्या शहाण्यासारखी बाजूला झाली. एका म्हातारीनं तर नवरा-नवरी गाडीतच असतील म्हणून पिशवीतले चिमूटभर तांदूळ उधळले. भिमाजीला यातलं काही दिसत नव्हतं. नाकातून येईल तेवढाच श्वास त्याच्या मालकीचा होता.

चारला दहा कमी असताना दोघं मास्तरांच्या वाद्यांच्या दुकानात शिरले. कानिफनाथाचा ओठ फाटला होता. त्याची सनई खाली आली. भिमाजीनं सूर सोडला.

“तिसगावपासून?” मास्तरांनी विचारलं.

“व्हय.”

“मधी कुठं तोडला न्हाईस?”

“न्हाई.”

“उद्यापासून ये. सुराला.”

“सुराला न्हाई, मास्तर. मी म्होरं वाजवाय आलोय.”

“गाणं वाजवणारे रोज दोन येतात. पंचवीस मैल सूर धरणारा आज पहिला बघितला.”

आपण धरायला लावलेला सूरच भिमाजीच्या आड आला, हे पाहून कानिफनाथाचा चेहरा उतरला. “मास्तर, त्याचं गानं तरी ऐका. माझ्यापरीस गोड हाय. विहिरीत वाजवतो, मी वर बसून ऐकलंय.”

भिमाजी वळला. “कवा?”

“सा म्हैनं झालं.”

“मग बोलला न्हाईस ते?”

“बोललो असतो तर तू ऱ्हायला असतास का?”

मास्तर म्हणाले, “वाजव मग.”

कानिफनाथानं आपली सनई भिमाजीला दिली आणि मेणाची स्वतः घेतली. भिमाजीचं गाणं सुरू झालं, चांगलं वर चढलं, आणि खालचा सूर तुटला. कानिफनाथानं बावीस वर्षांत नाकानं श्वास घेतला होता तो फक्त झोपेत. पुन्हा सुरुवात, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा मास्तरांनी हात वर केला.

“गाणं तुझं झाक हाय,” ते म्हणाले. “खाली माणूस न्हाई म्हणून पडतंय. आन् खालचा माणूस तूच हायेस.”

“घरी चल, भिम्या,” कानिफनाथ हळूच म्हणाला. “साडेपाचची गाडी हाय.”

 भिमाजीनं हातातल्या सनईच्या तोंडावरचं रक्त सदऱ्याच्या टोकानं पुसलं, ती कानिफनाथाच्या हातात दिली आणि आपली मेणाची परत घेतली.

“उद्या किती वाजता यायचं?” त्यानं मास्तरांना विचारलं.