वेदना सापडेना

माझी मुलगी माझ्या कडेवर रडते आणि शीतलकडे गेली की गप्प होते, हे आमच्या विक्रोळीच्या घरात सगळ्यांना पाठ झालंय. शीतल माझी धाकटी जाऊ. लग्नाला वर्षही झालं नाही, आणि मीरा तिच्या खांद्यावर अशी मान टाकते, जणू जन्म तिनेच दिलाय.

"शीतल शांत आहे ना, पोराला बरोबर कळतं," सासूबाई म्हणाल्या. मला ऐकू जावं म्हणूनच म्हणाल्या.

शीतल रविवारी विहारात ध्यानाला जाते. म्हटलं, बघू तरी हिला तिथे काय मिळतं. मीराला सासूबाईंकडे सोपवलं, दूध, डायपर, थर्मामीटर समोर काढून ठेवलं आणि जाऊन शीतलच्या शेजारी सतरंजीवर बसले.

नवीन लोकांना नलिनीताई शिकवतात. "आधी नुसता श्वास बघा. येतोय, जातोय. त्याला बदलायचं नाही. मग डोक्यापासून पायापर्यंत सावकाश लक्ष फिरवा. जिथे जी वेदना असेल ती बघा आणि पुढे जा."

मी वेदना शोधायला लागले. डोक्यात नाही. मानेत नाही. बाळंतपणापासून जीव खाणारी कंबर, तीसुद्धा नेमकी गप्प! एक डोळा किलकिला करून शीतलकडे पाहिलं. गालावर माशी बसली होती, तरी बाईचा हात हलला नाही.

शेवटी नलिनीताईंनी कसं वाटलं विचारलं. शीतल म्हणाली, "आज तळव्यांत, पाठीत, सगळीकडे वेदना होत्या. मस्त झालं."

मस्त? बाळंत मी झाले, आणि वेदना हिला!

"मला तर कुठेच दुखलं नाही," मी म्हणाले.

"दुखायला कशाला हवं गं?" नलिनीताई हसल्या. "हा पाली भाषेतला शब्द. जे जे अंगाला जाणवतं ती वेदना. खाज, ऊब, मुंग्या, कपड्याचा स्पर्शसुद्धा."

शीतलला हसू आवरेना. "माधुरीताई, तू दुखणं शोधत बसलीस? भारी यार!"

घरी तिने सगळ्यांना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "तिला दुखणं शोधायची सवयच आहे."

मग मी हट्टाने बसायला लागले. मीरा दुपारी झोपली की भिंतीला टेकून बसायचे. दोन श्वास होत नाहीत तोवर लक्ष तिच्या छातीकडे. हलतेय ना? परत नाकाशी. परत तिच्याकडे. अंगात काय जाणवतं ते मात्र हळूहळू कळायला लागलं. संध्याकाळी दारात शीतलची चावी फिरली, की माझे दात एकमेकांवर आवळले जायचे आणि खांदे कानांपर्यंत चढायचे. मत्सराला अंगात एवढी जागा लागते, हे मला माहीत नव्हतं.

परवा मीराला लस टोचली. संध्याकाळी तिने आकांत मांडला. शीतल कामावरून आली, हात धुतले आणि पुढे केले. "आण गं इकडे, मी बघते."

"दे तिच्याकडे," सासूबाई स्वयंपाकघरातून.

मीरा तिच्याकडे झेपावली. माझे दात आवळले. ते मला जाणवलं, आणि मग बाकीचंही. माझा पंजा मीराच्या पाठीवर लाकडासारखा ताठ होता. दंड तिला दाबून धरत होते. अशा हातांत कोण राहील?

"थांब जरा," मी म्हणाले आणि खाली बसले. दात सोडले. खांदे खाली आले. बोटं एकेक करून सैल केली. मीरा काही गप्प झाली नाही. रडतच राहिली, पण मागे वाकायची थांबली. मग माझ्या गळ्याशी तोंड खुपसून रडली. तिचा गरम श्वास माझ्या मानेवर येत होता, जात होता.

मी वर पाहिलं. शीतलचे हात अजून पुढेच होते, आणि आता तिचा जबडा आवळला होता.

माझ्या छातीत काहीतरी गोड, ऊबदार पसरलं. तेही नुसतं बघून पुढे जायचं असतं. मी गेले नाही.