डावीकडची जागा

कार्यालय आणि नागरिक यांच्यामध्ये तिसरा माणूस नको, हे मोटार वाहन निरीक्षक हेमकांत चौधरीचे आवडते वाक्य होते. ते नुसते वाक्य राहू नये म्हणून तो वरिष्ठांशी भांडला, दलालांशी भांडला, आणि दलालांची बाजू घेणाऱ्या सख्ख्या मेहुण्याशी तर त्याचे आजतागायत बोलणे नव्हते. त्या साऱ्या भांडणांचे फळ धडगावच्या विश्रामगृहासमोर उभे होते. एक पांढरी मोटार, आत कॅमेरे, आसनांखाली वजन ओळखणारे सेन्सर. उमेदवाराने एकट्याने गाडी चालवायची, गुण यंत्राने द्यायचे, आणि निरीक्षकाने व्हरांड्यात बसून पडद्याकडे पाहायचे. डोंगरातल्या माणसाला परवान्यासाठी नंदुरबारचे हेलपाटे पडू नयेत म्हणून महिन्यातून एकदा ही गाडीच घाट चढून वर येई.

आजच्या शिबिरात सगळे सुरळीत झाले होते. अडले होते एकाच नावापाशी, आणि तेही तिसऱ्यांदा.

रोशनी पावरा नावाची ती मुलगी आरोग्य खात्याच्या फिरत्या दवाखान्याची गाडी चालवण्यासाठी निवडली गेली होती. पक्का परवाना उद्या हजर केला नाही, तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. मागच्या दोन शिबिरांत यंत्राने तिची चाचणी सुरू होताच बंद पाडली होती. आजही गाडी आवाराच्या फाटकापर्यंत गेली, आतून पट्टा न लावल्याची टणटण सुरू झाली, आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत तेच वाक्य उमटले: गाडीत दुसरी व्यक्ती आहे.

"मुजाहिद!" हेमकांत कडाडला.

यंत्र सांभाळणारा मुजाहिद नंदुरबारचा. त्याने कपाळाला हात लावला. "साहेब, मन्हं काय चुकनं? सेन्सर नवा शे, काल मीच बसाडा. शीटवर कोन्ही नही, पन मशीन म्हनस, मानूस शे."

"सकाळपासून इतके जण बसले, तेव्हा का नाही म्हणालं?"

"तेच तं मी मशीनले इचारी ऱ्हायनू. पोऱ्ही उतरनी का टणटण बंद. आते बोला!"

हेमकांत स्वतः गाडीपाशी गेला. रोशनी चाकावर हात ठेवून समोर पाहत बसली होती. त्याने मागची आसने तपासली, डिकी उघडली, वाकून गाडीखाली पाहिले. कोणी नव्हते. मग त्याने डावीकडचे दार उघडले आणि आसनावर तळहात टेकला. आवारात सावली होती आणि या आसनावर सकाळपासून कोणी बसले नव्हते, तरी कापड उबदार लागले. त्याला ते पटले नाही, म्हणून त्याने हात काढून पुन्हा ठेवला. ऊब होतीच. शिवाय आसनाचा मधला भाग, कोणी नुकते बसावे तसा, खोल दबलेला होता.

"साहेब, एक उपाय शे," मागून मुजाहिद म्हणाला. "त्या शीटना पट्टा लाई द्या. आपल्याकडे सगळेच तसं करतस. टणटण बंद."

"यंत्राला फसवायचं असेल तर दलाल काय वाईट होते?" हेमकांत म्हणाला. "पट्टा लावून माणूस नाहीसा होत नाही."

"मानूस शेच कोठे?"

उत्तर नसलेला प्रश्न हेमकांतला खपत नसे. बिघाड पट्ट्यात आहे की आसनात, एवढे तरी ठरवावे म्हणून त्याने पट्टा ओढला, रिकाम्या आसनावरून आडवा घेतला आणि खटका बसवला. टणटण थांबली. त्याने हात सोडला.

पट्टा आसनाला टेकला नाही. पाठीपासून वीतभर पुढे, एखाद्याच्या छातीवरून गेल्यासारखा तो ताणून राहिला. हेमकांत पाहत होता. पट्टा किंचित पुढे आला, मग किंचित मागे गेला, आणि पुन्हा पुढे आला.

मुजाहिदने मोठ्याने कुराणातली आयत म्हणायला सुरुवात केली आणि गाडीवरची नजर न काढता तो उलट्या पावली व्हरांड्याकडे गेला.

"त्याला उतर म्हणू नको, साहेब," रोशनी हळूच म्हणाली. "माझं शिकणं राहिलंय."

'त्याला' म्हणजे कुणाला आणि शिकणे कसले, हे सांगायला फाटकाशी उभा असलेला आमशा पुढे आला. आमशा हा धडगाव आणि तोरणमाळच्या वाटेवर जीप चालवणारा. डोंगरातली माणसे साहेबालाही तूच म्हणतात. त्यावरून वाद घालणे हेमकांतने मोठ्या कष्टाने सोडले होते.

"दलसिंग बसलाय, साहेब. तुला दिसत नाही, तर तुझ्या मशिनीला दिसतो. तुझ्यापेक्षा मशीन शहाणी."

"कोण दलसिंग?"

"आम्हाला सगळ्यांना त्यानंच गाडी शिकवली. इकडे कुठली ड्रायव्हिंग स्कूल? तो डाव्या बाजूला बसायचा, तोंडात विडी. शिव्या नाही, मारणं नाही. पहिला धडा म्हणजे काच खाली करायची आणि वळणावर ऐकायचं. नुसतं ऐकायचं. बोललास की उतरवायचा. मला चाक हातात द्यायला त्यानं एक पावसाळा घालवला."

"आणि शेवटचा?"

"शेवटचा धडा चढावर. गाडी उभी करायला सांगायचा, आणि काही न बोलता स्वतःच हँडब्रेक सोडायचा. गाडी मागं गेली, तर परत पहिल्यापासून. नाही गेली, तर दार उघडून उतरायचा. मग तुझा तू." आमशाने रोशनीकडे पाहिले. "हिचा शेवटचाच राहिला. मागच्या भादव्यात दरड पडली, त्यात तो गेला."

हेमकांतला या गोष्टीत किमान चार ठिकाणी आक्षेप घेता आला असता. माणूस मेला असेल तर त्याला वजन कुठले, हा पहिला. पण पट्टा अजून त्याच्या डोळ्यांसमोर श्वास घेत होता, आणि त्याचे नियमांवर घडलेले मन एका विचित्र पेचात सापडले होते. चाचणी बाद करायची, तर कारण म्हणून गाडीत दुसरी व्यक्ती होती असे त्याला सहीनिशी म्हणावे लागेल. मंजूर करायची, तर कोणीही नव्हते असे म्हणावे लागेल. दोन्हींपैकी खरे कोणते, हे त्याच्या तळहाताला ठाऊक होते आणि तेच त्याला मान्य करवत नव्हते. आणि मधल्या मध्ये ही मुलगी उद्या नोकरीला मुकणार होती.

"चाचणीआधी उमेदवाराला सराव करू द्यायला नियमाची आडकाठी नाही," तो अखेर म्हणाला. वाक्य उच्चारताना आपण कोणाची परवानगी मागतो आहोत, हे त्याला नीट कळले नाही. "यंत्र बंद ठेव, मुजाहिद. रोशनी, मागच्या चढावर घे गाडी."

विश्रामगृहामागे रस्ता एकदम उभा चढत होता. वर मोहाची झाडे, त्यांच्यापलीकडे स्वच्छ निळे आकाश. दुपारच्या त्या लख्ख उन्हात लपायला कुठेही जागा नव्हती. रोशनीने चढाच्या मध्यावर गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला. हेमकांत तिच्या खिडकीशी उभा राहिला; आमशा आणि, बरेच अंतर राखून, मुजाहिदही मागोमाग आले होते. तिचे दोन्ही हात चाकावर होते. पट्टा छातीच्या उंचीवर तसाच होता. कोठून तरी विडीचा वास आला.

हँडब्रेकच्या टोकावरची कळ आत गेली. दांडी सावकाश, कुणी जाणत्या हाताने दाबावी तशी, खाली बसली.

गाडी बोटभर मागे सरकली. इंजिनाचा सूर बदलला, रोशनीचे पाय हलले, आणि गाडी जिथल्या तिथे थरथरत उभी राहिली. ती पुढेही जाईना, मागेही येईना. रोशनीच्या गालांवरून पाणी ओघळत होते, पण पाय जरासुद्धा ढळले नाहीत.

पट्ट्याचा खटका सुटला. पट्टा सळसळत आपल्या घरात गेला. डावीकडचे दार उघडले, क्षणभर उघडे राहिले, आणि बेताने लागले. आसनावरचा खळगा वर येत येत सपाट झाला.

आमशाने हात जोडले आणि मान खाली घातली. मुजाहिद जागचा हलला नाही. या शांततेत काही बोलू नये, एवढे तिघांनाही कळत होते. पण हेमकांतच्या छातीवरचा दगड उतरला होता, आणि कोणत्याही प्रसंगात शेवटचा शब्द आपला असावा, ही त्याची जुनी खोड. रिकाम्या रस्त्याकडे पाहून तो मोठ्याने म्हणाला,

"सुटलात, दलसिंगभाऊ! आता खाली नंदुरबारला यायचं असेल तर सांगा. माझ्या गाडीत जागा रिकामी आहे."

आमशाने झटकन मान वर केली. "हे काय बोललास, साहेब?"

"का? थट्टा केली."

"आमच्या घाटात कुणी असं बोलतं का? इथल्या स्टँडवर कधी ऐकलं नाहीस? शीट मोकळी असली तरी ड्रायव्हर म्हणतो, बसा, होईल. जागा रिकामी आहे असं तोंडानं म्हणायचं नसतं. ऐकणारे असतात."

"अरे, मग हजार गाड्यांत रोज कोणीतरी म्हणतच असेल."

"खाली सपाटीला म्हणत असतील," आमशा म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.

यंत्र पुन्हा सुरू झाले. रोशनी एकटी गेली, आवाराला वळसा घालून, आठाच्या आकड्यात फिरून, चढावर थांबून, पुन्हा निघून परत आली. पडद्यावर तांबडे अक्षर उमटले नाही. यंत्राने तिला उत्तीर्ण ठरवले, आणि हेमकांतने कोणताही खोटा शब्द न लिहिता सही केली. रोशनी पायऱ्या उतरताना वळून म्हणाली, "साहेब, काच खाली ठेव." त्याला ते निरोपाचे बोलणे वाटले.

मुजाहिदला चाचणीची गाडी आवरून मागून यायचे होते. हेमकांत आपल्या गाडीने एकटाच निघाला. ऊन कलले होते, तरी उजेड भरपूर होता. गाव मागे पडले. घाटाच्या पहिल्या वळणापाशी टणटण सुरू झाली.

त्याने आपला पट्टा चाचपला. तो लावलेला होता.

डावीकडे पाहायचे नाही, असे त्याने ठरवले आणि लगेच पाहिले. आसन मधोमध दबलेले होते. त्याच्या ओठांवर बरेच काही आले. ती थट्टा होती; मोटार वाहन निरीक्षकाला गाडी शिकायची गरज नाही; माझ्याजवळ वीस वर्षांचा परवाना आहे. त्यातला शेवटचा मुद्दा बिनतोड होता. तो बोलण्यासाठी त्याने तोंड उघडले, आणि गाडीने गचका दिला. इंजिन बंद पडले. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी. टणटण तेवढी चालू राहिली.

बोललास की उतरवायचा.

हेमकांतने तोंड मिटले. हात लांब करून त्याने डावीकडचा पट्टा ओढला, आडवा घेतला आणि खटका बसवला. पट्टा ताणून राहिला. आवाज थांबला. किल्ली फिरवताच इंजिन मुकाट्याने सुरू झाले.

पुढचे वळण आंधळे होते. तेथे पोहोचताच डावीकडची काच आपोआप खाली सरकू लागली, अगदी तळापर्यंत गेली. दरीतला गार वारा आत शिरला, आणि वाऱ्याबरोबर विडीचा वास.

उभ्या आयुष्यात कोणाचे पुरते ऐकून न घेतलेल्या हेमकांतने आपल्या बाजूचीही काच खाली केली. गाडी अगदी हळू केली. आणि खालून कोण चढून येते आहे, ते तो ऐकू लागला.