पहिलं चाक ड्रायव्हरचं

“हॉर्न वाजला?” चाकाशी उकिडवा बसलेल्या येसाजीनं विचारलं.

“वाजला काका, एकदम कडक,” ड्रायव्हरच्या सीटवरून प्रज्योत म्हणाला. “झालं हे चाक. पुढचं घ्या.”

येसाजी घरत गुडघ्यावर हात रेटून उठला. माणूस साठी उलटलेला, आणि गाडी बघावी तर जमिनीला पोट घासणारी. दोनच माणसांची, निळी, परदेशी बनावटीची. पस्तीस वर्षं न्हावा शेव्याला कंटेनरच्या ट्रेलरची चाकं काढण्या-घालण्यात गेली होती त्याची. ट्रेलरचं चाक छातीला लागतं, त्याच्याशी उभ्यानं झुंजता येतं. ह्या असल्या गाडीपुढं मात्र लोटांगणच घालावं लागतं. पण कुरकुर करील तो येसाजी कसला? त्यातून गाडी प्रज्योतची, आणि प्रज्योत दत्ताशेठचा मुलगा.

दत्ताशेठ म्हणजे उरणचे दत्तात्रेय ठाकूर. बापजाद्यांची मिठागरं बंदराच्या पोटात गेली तेव्हा ह्या गड्यानं रडत न बसता एक ट्रेलर घेतला, आणि एकाचे सतरा केले. त्या पहिल्या ट्रेलरपासून येसाजी त्यांच्या यार्डात टायर बघत होता. प्रज्योत पुढं त्याच्या डोळ्यांदेखत जन्मला, वाढला. एवढासा असताना दुपारी यार्डातल्या जुन्या टायरमध्ये अंग मुडपून झोपायचा, आणि त्याची आई, गोदूवहिनी, त्याला गावभर हुडकत फिरायच्या. दोन वर्षांपूर्वी कंबर गेली तसा येसाजी खाडी ओलांडून रेवसला घरी आला, आणि भाच्यानं, विपुलनं, चोंढी नाक्यावर टायरचं दुकान टाकलं होतं तिथं बसू लागला.

उरणला काय दुकानं नव्हती? डझनभर होती. पण प्रज्योतनं गाडीला नव्या रिमा बसवायच्या काढल्या तेव्हा बाप म्हणाला, चाकाला हात लागेल तो येसाजीचा. झालं. पोरगं पेण-वडखळचा वळसा घालून गाडी घेऊन आलं, आणि रिमा मागनं टेम्पोनं आल्या.

चाकं चढली, नट आवळून झाले. राहिलं ते सेन्सरचं काम. ह्या गाड्यांच्या प्रत्येक चाकात हवा मोजणारा एक सेन्सर असतो. चाकं बदलली की कुठला सेन्सर कुठल्या चाकात गेला ते गाडीला नव्यानं शिकवावं लागतं. टीव्हीच्या रिमोटएवढं यंत्र व्हॉल्व्हपाशी धरायचं, बटण दाबायचं, गाडी हॉर्न वाजवून ‘समजलं’ म्हणते. मग पुढचं चाक. विपुलनं मामाला हे तीन महिन्यांपूर्वी शिकवलं होतं आणि येसाजीनं वीस-पंचवीस गाड्या बिनचूक केल्या होत्या. गाडीला चाकांची ओळख एका ठरल्या क्रमानं लागते, एवढंच ध्यानात ठेवायचं. आधी पुढचं डावं, मग पुढचं उजवं, मग मागचं उजवं, शेवटी मागचं डावं.

पण ठाकुरांच्या यार्डात एक रीत होती. नवं चाक चढलं की पहिला मान ड्रायव्हरच्या चाकाचा. त्याला पाणी घालायचं, कुंकू लावायचं, नारळ वाढवायचा, आणि तिथून गाडी उजव्या हाताला ठेवून देवळाला घालतात तशी प्रदक्षिणा घालत एकेका चाकाला हात लावायचा. पस्तीस वर्षं येसाजीनं हेच केलं होतं. आजही प्रज्योतनं डिकीतून नारळ काढला, येसाजीनं तो ड्रायव्हरच्या चाकापुढं फोडला, खोबऱ्याचा तुकडा पोराच्या हातावर ठेवला, आणि यंत्र उचलून त्याच चाकापाशी बसला. माणसाचं डोकं विसरतं, पण हात विसरत नाही, आणि घात होतो तो असा.

गाडी आपल्या परीनं सांगत होती. ज्या चाकाची वाट बघते त्या बाजूचा दिवा ती लुकलुकवते. पण एप्रिलचं भर दुपारचं ऊन, त्यात तो दिवा कुणाला दिसतो? चारही चाकांना हॉर्न वाजला. चारही चाकांत हवा सारखीच भरलेली, म्हणून पडद्यावरचे चारही आकडे सारखेच आले.

“काका, तुमच्या हाताला तोड न्हाय,” प्रज्योत म्हणाला. वाकून त्यानं येसाजीच्या पायाला हात लावला आणि गाडी घेऊन गेला.

हे मंगळवारी झालं.

गुरुवारी सकाळी किहीमच्या बंगल्यातली एक गाडी त्याच कामाला आली. पहाटे पाऊस शिंपडून गेलेला, आभाळ भरलेलं. येसाजी यंत्र घेऊन सवयीनं डाव्या चाकाकडे गेला, बसला, आणि समोर दिवा लुकलुकताना दिसला. डावीकडचा. तो बघतच राहिला. मंगळवारी आपण कुठं बसलो होतो? नारळाच्या करवंटीपाशी. उजवीकडे.

तो उठून भाच्याकडं गेला.

“विपुल,” त्यानं यंत्र हातात तसंच धरून विचारलं, “क्रम चुकला तर काय व्हतं रं?”

“काय नाय होत,” विपुल बिल फाडत म्हणाला. “गाडी चालते. फक्त भलत्या चाकाचा आकडा भलतीकडं दिसतो. हवा जाते एका चाकाची आणि गाडी बोट दाखवते दुसऱ्याकडं. का? चुकलात का काय?”

“छ्या,” येसाजी म्हणाला. “आपलं इचारलं.”

का बोलला नाही तो? भाच्याला भ्यायला होता असं नाही. पस्तीस वर्षांत त्याचं एक चाक निखळलं नव्हतं, एक नट ढिला निघाला नव्हता. जेएनपीटीच्या गेटवर ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे, येसाजीनं लावलंय ना, मग जा बिनधास्त. गरिबाकडं दुसरी कसली इस्टेट होती? ती एवढीच होती, आणि ती आपल्याच तोंडानं मोडायची म्हणजे जीभ रेटत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याला वाटलं. गाडी एकदा परत दुकानात आली की पाच मिनिटांचं काम, कुणाला कळायचंही नाही.

दुकानामागं जाऊन त्यानं फोन लावला.

“बोला काका.”

“प्रज्योत, गाडी एकदा आणतोस का इकडं?”

“का? काय झालं?”

इथं बोलायला हवं होतं. बाबा रे, तुझ्या गाडीचा पडदा खोटं बोलतोय, हे एक वाक्य. येसाजीच्या ओठांवर ते आलंही.

“काय न्हाय रे,” तो म्हणाला. “नवी चाकं हायत. नट बसल्यात का न्हाय, नुसतं बघायचंय.”

“टेन्शन नका घेऊ काका. गाडी मक्खन चाललीय. उद्या पुण्याला जाऊन येतो, रविवारी येतो तुमच्याकडं. आईला सांगतो, तुमच्यासाठी सुकट देईल.”

“सावकाश चालव,” येसाजी म्हणाला. आपण सांगितल्यासारखंच झालं, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि रविवारपर्यंत देवाला हात जोडायचे ठरवले.

रविवार आला नाही. म्हणजे जगाचा आला, प्रज्योतचा आला नाही. शुक्रवारी पुण्याहून परतताना पळस्प्याच्या अलीकडं मागचं डावं टायर फुटलं आणि गाडी दुभाजकावरून पलीकडच्या ट्रकखाली गेली. पोरगं जागच्या जागी गेलं. सत्तावीस वर्षांचं होतं.

येसाजी पोचवायला गेला. गर्दीत मागं उभा राहिला. शेठच्या यार्डातला जुना ड्रायव्हर, कान्हा, त्याच्या कानाशी लागून सांगत होता, “टायरात बोटभर खिळा गावला. हवा हळूहळू जात असंल. त्या पातळ टायराचं कळत न्हाय ना, बसलं तरी उभंच दिसतं. पण मी म्हनतो, एवढी भारी गाडी, तिला पडद्यावर दाखवता येऊ नये?”

चार दिवस तो दुकानात गेला नाही. पाचव्या दिवशी विपुल घरी आला तेव्हा येसाजीनं त्याला सगळं सांगून टाकलं. विपुलनं उठून आधी दार लोटून घेतलं.

“मामा, आता गप बसा,” तो म्हणाला. “पोलिसांनी लिहिलंय, जादा वेग आणि टायर फुटलं. कुणी विचारत नाय, कुणाला कळणार नाय. सांगून काय तो उठून येणार हाय?”

“न्हाय येनार,” येसाजी म्हणाला. “मीपण एकदा गप बसून बघितलंच की.”

सकाळच्या लाँचनं तो करंज्याला उतरला आणि रिक्षा करून ठाकुरांच्या घरी गेला. घर यार्डाला लागूनच. दत्ताशेठ ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली, अंगावर नुसती बंडी. पाचसहा दिवसांत माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. त्यांनी येसाजीला समोर बसायला खूण केली. तो बसला नाही. उभ्याउभ्यानंच त्यानं सांगितलं. नारळ, ड्रायव्हरचं चाक, दिवा, गुरुवारचा फोन, सगळं. फोनवर काय बोललो आणि काय बोललो नाही, तेही सांगितलं. मध्ये कुठं थांबला नाही, थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

दत्ताशेठ अंगणाकडं बघत ऐकत होते.

“त्याचा फोन आलेला मला,” ते म्हणाले. “लोनावळ्याच्या पंपावरनं. म्हनाला, बाबा, मागच्या उजव्या चाकात हवा कमी दाखवतंय. मी म्हनलं, भर. त्यानं भरली. परत फोन केला, म्हनाला, भरली तरी आकडा वर येत न्हाय, उलटा उतरतोय, काय करू? थांबू का, कुनाला तरी बोलवू?”

“मग?” येसाजीनं विचारलं.

“मी म्हनलं,” दत्ताशेठ तशाच आवाजात म्हणाले, “चाक हातानं दाबून बघ. तो म्हनाला, दगडासारखं घट्ट हाय. मी म्हनलं, मग ये निघून. मशीन खोटं बोलत असंल, येसाचा हात खोटा न्हाय.”

आत कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज झाला. येसाजीला वाटलं, शेठनं उठून एक थोबाडीत मारावी, शिव्या घालाव्या, पोलिसांना बोलवावं. ह्यातलं काही झालं असतं तर त्याला उभं राहायला सोपं गेलं असतं.

“हे त्याच्या आईला सांगू नको,” दत्ताशेठ म्हणाले. “तिला वाटतं, मी फोन उचललाच न्हाय त्या दिवशी. तसंच वाटू दे.”

“शेठ, मी पोलिसात…”

“तुला जायचं तिकडं जा. माज्याकडं परत येऊ नको, येसा. राग न्हाय. तुला बघितलं की मला माजंच बोलनं ऐकू येतं.”

येसाजीनं हात जोडले. शेठनी पाहिलं नाही. तो ओट्यावरून उतरला आणि फाटकाकडं निघाला.

यार्डात सात-आठ ट्रेलर उभे होते. पोर गेल्यापासून एकही गाडी हलली नव्हती. त्यांच्या बाजूनं जाताना तो मान खाली घालून चालला, तरी नजर जायची तिथं गेलीच. कडेच्या ट्रेलरचं मागचं आतलं टायर बसलं होतं. जोडचाकातलं आतलं, बाहेरच्याच्या आडोशाला. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. गाडी लोड घेऊन अशीच निघाली तर बाहेरच्या टायरवर सगळा भार येणार, आणि मग घाटात नाहीतर पुलावर कुठंतरी तेही जाणार. येसाजी उभा राहिला. चार पावलं पुढं गेला, आणि परत वळला.

ओट्यावरची खुर्ची रिकामी होती. दारात गोदूवहिनी उभ्या होत्या, हातात चहाचा कप.

“आरं, चा न घेता निघालास?” त्या म्हणाल्या. रडून रडून त्यांचा आवाज बसला होता. “त्यो सांगायचा, रविवारी येसूकाकाकडं जायाचंय, सुकट बांधून ठेव. बांधलेली तशीच हाय. नेशील?”

येसाजीनं कडेच्या ट्रेलरकडं बोट केलं.

“वहिनी, कडेच्या ट्रेलरचं मागलं डावं, आतलं टायर बसलंय. खिळा असंल. गाडी हलवायच्या आधी बघून घ्यायला सांगा. आत्ताच सांगा, विसरू नका.”

“मंग तूच बघ की रं,” गोदूवहिनी म्हणाल्या. “पाना-जॅक हायच की शेडात. तुजीच चाकं ती. दुसऱ्याचा हात आमी कदी लावू दिला का?”

“न्हाय वहिनी,” येसाजी म्हणाला. “मी न्हाय. दुसऱ्या कुनाला तरी बोलवा.”

त्या काही न समजून त्याच्याकडं बघत राहिल्या. मग आत वळून त्यांनी कान्हाला हाक मारली. कान्हा आला, ट्रेलरखाली वाकला, टायरला हात लावून “व्हय वहिनी, पार बसलंय” म्हणाला, आणि जॅक आणायला शेडाकडं गेला. जॅक चाकाखाली लागेपर्यंत येसाजी फाटकाशी उभा राहिला. मग दोन्ही हात पाठीमागं धरून तो करंज्याच्या रस्त्याला लागला.