झाडांच्या पट्ट्यातला एक मीटर

"पाच! सहा नव्हे, पाच मीटर! या, डोळ्यांनी बघा," बंगल्यातले आजोबा भिंतीशी टेप दाबून ओरडत होते.

मी वाकून पाहिलं. पाचच होते.

त्यांच्या जुन्या वसाहतीत एकेक प्लॉट हजार चौरस मीटरचा. तिला लागूनच आमच्या मालकांनी नवी वसाहत आखली; तिच्यातले प्लॉट शंभरचे. छोटी घरं आणि त्यांच्या दोरीवरचे कपडे बंगलेवाल्यांना नजरेसमोर नको होते. वर्षभर घासाघीस होऊन तोडगा निघाला, की भिंतीलगत सहा मीटर रुंद दाट झाडी लावायची आणि तिच्यापुढे अठरा प्लॉट पाडायचे. झाडांना जागा दिल्यामुळे प्लॉट आणखी आखडले, ती गोष्ट वेगळी. मोजणी माझी होती, खुंट्या माझ्यासमोर ठोकल्या होत्या. आणि आता अठराच्या अठरा प्लॉट मागच्या अंगाने एकेक मीटर झाडीत घुसले होते.

"ज्याचा फायदा, त्याचंच काम," आजोबा म्हणाले.

मला ते लगेच पटलं. असलं काही मला लगेचच पटतं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत खुंटी सरकवणारे सख्खे भाऊ पाहिलेत मी. काटा स्थिर झाल्याशिवाय कांदेसुद्धा पिशवीत पडू देत नाही.

अठरातला सातवा प्लॉट मामांचा होता. मामा म्हणजे माझ्या टेपचं दुसरं टोक धरणारा माणूस. मी साहेब असलो तरी वयाने ते मोठे, म्हणून सगळ्यांसारखा मीही त्यांना मामाच म्हणायचो. जन्मभराची पुंजी घालून त्यांनी तो प्लॉट नोंदवला होता. मागे आणखी मीटरभर मिळालं असतं तर न्हाणीघर घरातच बसलं असतं, असं जेवणाच्या सुट्टीत तेच मला म्हणाले होते.

मी त्यांना साइटवरच्या पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं.

"मामा, खुंट्या कुणी सरकवल्या?"

"मला काय ठाऊक, साहेब?"

"एकट्या सातव्याची सरकवली असती तर लगेच डोळ्यांवर आलं असतं. म्हणून सगळ्याच सरकवल्या. डोकं चांगलं चालवलंत."

त्यांनी टेप गुंडाळून टेबलावर ठेवला. "मी हात लावलेला नाही," एवढंच म्हणाले आणि गेले. खाई त्याला खवखवे, असं मी मनाशी म्हटलं. त्याच दिवशी अहवाल लिहिला. मामांचं काम सुटलं, प्लॉटची नोंदणी रद्द झाली. पैसे परत मिळाले आणि सातवा प्लॉट आठवड्यात दुसऱ्याने घेतला. खुंट्या मागे घेऊन रोपं लावली. आजोबांनी माझी पाठ थोपटली.

दोन महिन्यांनी बायकोला कपाट करायचं होतं. मी साइटवरचा तोच टेप घरी आणला. तिने एक टोक धरलं, मी दुसरं.

"चार मीटर दहा," मी म्हणालो.

"चार कुठले? तीन दहा. टोक झिजलंय, आकडेच दिसत नाहीत. मी एकावर धरलंय."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं की! दोनदा सांगितलं. तुमचं लक्ष असतं कुठे?"

टोक झिजलं की धरणाऱ्याने एक मीटरच्या खुणेवर धरायचं, "एकावर!" अशी हाक द्यायची, आणि लिहिणाऱ्याने त्यातून एक वजा करायचा, हा आमच्या कामातला पहिला धडा. वजा केला की वहीत आकड्यापुढे मी बारीक टिंब देतो. मी वही काढली. भिंतीच्या पानावर अठरा वेळा सहा लिहिला होता. टिंब एकही नव्हतं. त्या दिवशी आजोबा माझ्या कानाशी झाडांच्या उंचीवरून वाद घालत होते, तेही आठवलं. मामांची हाक मी ऐकलीच नव्हती.

सकाळी मी मालकांकडे गेलो, चूक माझी असल्याचं लिहून दिलं आणि त्याची प्रत घेऊन मामांच्या भाड्याच्या खोलीवर पोचलो. त्यांनी मला खुर्ची दिली, आपण पलंगाच्या कडेला बसले. कागद सावकाश वाचला.

"तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"त्याच संध्याकाळी. बरोब्बर एक मीटर म्हटल्यावर दुसरं काय असणार?"

"मग येऊन सांगायचं ना, मामा!"

"वाटलं, तुम्हीच वही उघडाल. परक्याचं मापसुद्धा दोनदा घेता तुम्ही. माझं एकदाच घेतलंत."

मला लाज वाटली. "उद्यापासून कामावर या," मी कसंबसं म्हणालो. "प्लॉटचंही बघतो. दुसऱ्या ओळीत…"

"नको, साहेब. आता टेप धरला तर माझी नजर खुणेवर राहायची नाही. तुमच्या तोंडाकडे बघत बसेन."

त्यांनी कागदाची नीट घडी करून आपल्या बायकोच्या हाती दिली. "ठेव. पोरीला वाचायला दे," म्हणाले.

मी निघालो तसे ते चपला घालून कोपऱ्यापर्यंत सोडायला आले. इतकी वर्षं ते माझ्या दोन पावलं मागून चालायचे. आज माझ्या शेजारून चालत होते, आणि त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवताना मलाच धाप लागत होती.