काटा दोनवरच अडला

मी एक जुना दाबमापक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. कारखान्यात माझीच बारा वेळा परीक्षा घेतली होती. तेव्हापासून हा स्वभाव जडला.

नदीच्या तळाखाली बोगदा खणत होते. पाणी आत घुसू नये म्हणून तिथं हवा दाबून भरलेली असे. बाहेर येताना कामगारांना एका लोखंडी खोलीत बसवून ती हवा हळूहळू सोडायची, चांगला दीड तास. घाई केली की रक्तात बुडबुडे होतात आणि धडधाकट माणूस जन्माचा लुळा पडतो. खोलीबाहेर मी, आणि माझ्याकडे बघून झडप फिरवणारा म्हातारा झडपवाला. आत बसणाऱ्यांत त्याचा जावई.

मला सगळ्यांचाच संशय. मुकादम गोड बोलू लागला की समजावं, याला वेळ वाचवायचाय. आतली मंडळी तर महाबिलंदर. आतही माझ्यासारखाच एक मापक होता, त्यावर सदरा टांगून ठेवत. म्हणे, काट्याकडे बघत बसलं की वेळ सरत नाही.

एकदा हवा सोडायला सुरुवात झाली आणि माझा काटा दोनवरच अडला. झडपवाल्यानं झडप थोडी उघडली, मग आणखी थोडी. मी ढिम्म. त्याला शंका आली. हवा बाहेर सोडणाऱ्या नळीपुढे त्यानं हात धरला, तर भसाभस वारा. त्याचा चेहरा उतरला. झडप बंद करून त्यानं आतला फोन लावला.

"जावईबापू, तो सदरा काढा आणि काटा बघा."

"मामा, आत्ताच तर बसलोय," जावई हसला. मग त्याचा आवाज बदलला. "अर्ध्यावर आलाय हो. हवा गार पडून इथं धुकं झालंय. गुडघाही ठणकतोय माझा."

म्हाताऱ्यानं हवा परत भरली आणि पहिल्यापासून, दुप्पट सावकाश, सुरुवात केली. जावई दर मिनिटाला आतला काटा वाचून सांगत होता. तीन तासांनी तो बाहेर आला, लंगडत, पण स्वतःच्या पायांवर.

"सदऱ्याला दुसरी खुंटी मिळाली नाही का?" सासरा म्हणाला, आणि रडू लागला.

मग मला उघडलं. माझ्या मागच्या बारीक नळीत चिखल बसला होता. जगावर संशय घेणारा मी, आणि खोटं मीच बोलत होतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्याचा काय दोष?" म्हातारा म्हणाला. "महिनाभर नळी मीच साफ केली नाही."

आता मी नव्या कामगारांच्या शिकवणीच्या खोलीत, टेबलावर असतो. मित्रांनो, माझ्या भाईबंदांची नळी साफ ठेवा, काच पुसा, आणि तरीही दुसरा काटा बघितल्याशिवाय आमचं ऐकू नका. माझा तर आता माझ्यावरही विश्वास उरलेला नाही.