पाचांतले तीन जुने

मेहुण्याचं ड्रिल या घरात येता कामा नये, एवढी एकच गोष्ट मास्तरांनी स्वतः ठरवली होती. बाकी सगळं बायको ठरवत असे. आणि नेमक्या फळी लावायच्या दिवशी मास्तरांच्या ड्रिलच्या बॅटरीने मान टाकली.

"अहो, दादाला फोन करू का?"

"काही गरज नाही. आतले सेल बदलले की झालं. वाचलंय मी."

"हं," बायको म्हणाली. मास्तरांनी वाचून दुरुस्त केलेला नळ स्वयंपाकघरात अजून गळत होता.

बॅटरीवाल्याने पॅक उघडून आतल्या पाचही सेलना मीटर लावला. "दोन गेलेत. पाचही बदलू या."

"गेले दोन आणि पुरायचे पाच?"

"साहेब, सगळे एका माळेत आहेत. जुना आधी दमतो. तो दमला की आतलं सर्किट अख्खा पॅक बंद करतं. नवे बसतात हातावर हात ठेवून."

हा माणूस तीन सेल जास्तीचे खपवतोय, हे मास्तरांनी ताबडतोब ओळखलं. माणसं ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता. लग्नाआधी मेहुणा त्यांना अबोल वाटला होता.

"दोनच बदला."

"बदलतो. मग माझ्या नावाने खडे फोडू नका."

घरी ड्रिल असं गरजलं की शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. पहिलं भोक झालं. दुसरं झालं.

"बघ! म्हणे दादाला फोन करू!"

तिसऱ्या भोकात ड्रिल अर्ध्यावर थांबलं. मास्तरांनी बटण दाबलं, ड्रिलला चुचकारलं, शेवटी एक चापटही मारली. बिट भिंतीत रुतून बसली होती आणि ड्रिल भिंतीला लटकत होतं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मेहुणा, हातात ड्रिल.

"तुम्ही दुकानात गेलात ना, तेव्हाच केला फोन," बायको म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. नवऱ्यावर तिचा पूर्ण विश्वास होता.

मेहुणा भिंतीकडे बघत राहिला. "भावोजी, ही खुंटी का? छान आहे. छत्री अडकवता येईल."

मास्तरांनी मेहुण्याच्या हातातल्या ड्रिलकडे पाहिलं. ड्रिल दोघांचं एकाच कंपनीचं. म्हणजे मागायची ती फक्त बॅटरी, पण मागायची मेहुण्याकडे.

"दादा, तुमची बॅटरी... जरा द्याल?"

मेहुण्याने ती काढून दिली. "किती सेल बदललेत?"

"दोन."

मेहुण्याने आतल्या खोलीकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मी एकच बदलला होता. शिडीवर असताना बंद पडलं. ही बॅटरी नवीकोरी आहे. आमच्या बहिणीला सांगू नका."

मास्तरांनी ड्रिल उलटं फिरवून बिट सोडवली आणि उरलेली भोकं स्वतःच्या हाताने पाडली. मेहुण्याने फळी धरली.

बायको चहा घेऊन बाहेर आली. "दादा आला म्हणून लागली हो फळी!"

"अगदी खरं," मास्तर म्हणाले आणि मेहुण्याला आधी कप दिला. मेहुण्याने मान खाली घालून घोट घेतला. त्या दिवशी तो खरोखरच अबोल होता.